प्रॉम्प्टर या शब्दाची नोंद

१२ जून

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझी पाठ धरली आहे. तेव्हा उभ्याउभ्याच केलाय असं समज.

दोन वर्षांनी धाकट्या भावाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, मला काही नको आहे, आणि त्या दिवशीचा विषय मी काढणार नाही. काम एका नोंदीचं आहे.

रंगभूमीवरच्या शब्दांचा एक कोश निघतो आहे. त्यात 'प्रॉम्प्टर' या शब्दाची नोंद संपादकबाईंनी मला लिहायला सांगितली. अर्थ, उगम आणि प्रत्यक्षात काम कसं चालतं, असे तीन भाग. माझं शिक्षण त्यांना मी आधीच सांगून टाकलं. म्हटलं, कॉलेजात मी गेलो तो फक्त तिथल्या पोरांच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायला. त्या म्हणाल्या, "म्हणजे वर्गात बसलेल्यांपेक्षा जास्तच ऐकलं असेल." बाई बोलायला तयार आहेत.

दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन ही नोंद घासायची, असं चालू आहे. पहिलं वाक्य असं झालं आहे :

'प्रॉम्प्टर : नाटकाचा प्रयोग चालू असताना विंगेत बसून, प्रेक्षकांना न दिसता व ऐकू न जाता, नटाला अडलेला शब्द पुरवणारा.'

'न दिसता व ऐकू न जाता' याखाली मी दोनदा रेघ मारली आहे. उगमाबद्दल मी लिहिलंय की इंग्रजीत 'प्रॉम्प्ट' म्हणजे तत्पर, चटकन हजर. जो चटकन शब्द देतो तो प्रॉम्प्टर. नव्या पोरांना मी आयुष्यभर हेच सांगत आलो, आणि आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

तुला विचारायचं ते एवढंच. आपण नाटक कंपनीत लागलो तेव्हा जे म्हातारे प्रॉम्प्टर होते, ज्यांना सगळे 'कुजबुज' म्हणायचे, ते उजव्या विंगेत बसायचे की डाव्या? मला डावी आठवते. नटाच्या डाव्या हाताला, प्रेक्षकांच्या उजव्या. परक्या देशांतही बऱ्याच थिएटरांत प्रॉम्प्टरची बाजू हीच धरतात, असं वाचलं. तुझी आठवण काय सांगते ते कळव. आठवत नसेल तर तसं कळव. त्यात काही बिघडत नाही.

जाता जाता : वहिनींचा मागे फोन आला होता. असाच, तब्येतीची चौकशी वगैरे. बोलण्यात आलं की तिकडे तुझा सत्कार आहे आणि त्यानिमित्त तू आपल्या त्या नाटकातला दीपगृहाचा म्हातारा पुन्हा करणार आहेस. आनंद वाटला. प्रॉम्प्टिंगला कोण बसणार आहे? नोंदीसाठी विचारतोय. अलीकडे कोण कोण हे काम करतं त्याची माहिती लागणार आहे.

तुझा,
धाकटा


२६ जून

दादा,

कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, अंगावर धावून येणारं. तू लिहिलंयस : 'प्रॉम्प्टर म्हणजे दुसऱ्याचा विराम खाणारा प्राणी. राहण्याचं ठिकाण, अंधार. माझ्या प्रयोगाला एकही नाही. कुजबुज डावीकडे.'

डावीकडेबद्दल आभारी आहे. बाकीची व्याख्या संपादकबाईंना वाचून दाखवली. त्या इतक्या हसल्या की शेवटी चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, हे कोशात घेता आलं असतं तर खप वाढला असता.

माझ्या उगमावर मात्र त्यांनी काट मारली. काट म्हणजे फुलीच. त्यांचं म्हणणं असं की 'तत्पर' हा अर्थ मूळचा नाही. मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ बाहेर काढणं, आतली वस्तू पुढे आणणं. जी वस्तू आधीच काढून ठेवली आहे ती हाताशी असते, तयार असते, म्हणून पुढे 'तत्पर' हा अर्थ आला. आणि दुसऱ्याकडून एखादी गोष्ट काढून घेणारा, त्याला पुढे ढकलणारा, तो प्रॉम्प्टर.

मी म्हणालो, "बाई, मी विंगेत बसलोय. तिथे तत्परताच लागते."

"लागत असेल. पण शब्दाला विचारून नाही लागत," म्हणाल्या.

हे मान्य करायला मला आठवडा लागला. वाचनालयात जाऊन जाडे जाडे ग्रंथ काढले. तिथल्या माणसाला वाटलं मी परीक्षेला बसतोय. बाईंचं बरोबर निघालं. इतकी वर्षं मी पोरांना चुकीचं सांगितलं. आता त्यातली निम्मी सिरियलींत आहेत, बाकीची बँकेत. कुणाकुणाला शोधून दुरुस्ती सांगू?

पण त्या शोधात एक गोष्ट हाती लागली. फ्रेंच लोकांत या कामाचं नाव 'फुंकणारा' असं आहे. आवाज नव्हे, नुसता श्वास. इटालियन लोक 'सुचवणारा' म्हणतात. स्पॅनिश लोकांत 'टिपून ठेवणारा, बोट दाखवणारा' असा काहीसा अर्थ आहे. काही देशांत स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध जमिनीत एक खोबण असते आणि वर कासवाच्या पाठीसारखं झाकण. कासवाचं तोंड नटाकडे, पाठ प्रेक्षकांकडे. प्रॉम्प्टर त्यात मानेपर्यंत उभा. पाठदुखी तिथेही असणारच. आपल्याकडे धड नाव नाही. कोशाच्या मंडळींनी 'सूचक' सुचवला आहे. मला तो लग्न जुळवणाऱ्या माणसासारखा वाटतो. मी 'प्रॉम्प्टर'च ठेवा म्हणून सांगितलं.

आता तू विरामाचा विषय काढलासच, तर तिसऱ्या भागात मी जे लिहितोय ते तुलाही वाचून दाखवतो. नटाचं गप्प होणं तीन तऱ्हांचं असतं. एक, समोरच्याचं वाक्य यायचं असतं आणि समोरचाच झोपलेला असतो. दुसरा विराम. विरामात नटाचा श्वास पोटात असतो, खांदे खाली असतात, आणि तो गप्प असला तरी बोलत असतो. तिसरं म्हणजे अडणं. त्यात श्वास गळ्याशी येऊन थांबतो आणि हाताला काहीतरी धरायला हवं असतं. विरामात शब्द देणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा आणि अडल्यावर न देणं हा दुसरा. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्याला यातला फरक कळत नाही. पुस्तक पाठ करून टाकायचं आणि डोळे नटावर ठेवायचे.

तू म्हणशील, मग त्या दिवशी काय झालं होतं? मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं, चूक माझी. मॅनेजरला सांगितलं, मेकअपवाल्याला सांगितलं, घरी हिला सांगितलं. अजूनही माझी ना नाही.

मी परत येण्यासाठी लिहीत नाहीये, हे लक्षात घे. 'एकही नाही' हे तू ठरवलंयस तर ठीक. फक्त विचार कर.

धाकटा


९ जुलै

दादा,

आज चेष्टा नाही.

वहिनींचा काल पुन्हा फोन आला. तुला न सांगता केला होता. मी तुला सांगतोय हे त्यांना आवडणार नाही, पण तुमच्या दोघांमध्ये लपवाछपवी करायला मी आता थकलो आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तालमीत हे तिसऱ्या अंकातून पहिल्या अंकात गेले. आणि गेल्याचं यांना कळलंच नाही. समोरची पोरगी बिचारी मुलीचं काम करते, ती यांच्यामागे पहिल्या अंकात गेली. तिला वाटलं, एवढा मोठा नट, काहीतरी नवीन करत असेल."

कुठे गेलास ते मी त्यांना विचारलं नाही. मला माहीत होतं.

पहिल्या अंकात म्हातारा मुलीला म्हणतो : 'दार लाव. वारा आत येतोय. दिवा विझला तर समुद्रावरच्या माणसांनी कुणाकडे बघायचं?' तिसऱ्या अंकात मुलगी निघून जायला उभी असते आणि तो म्हणतो : 'दार लाव. आता कोणी यायचं राहिलेलं नाही.' आणि मग ते पानभर भाषण. दोन्हीकडे सुरुवात 'दार लाव'. लेखकाने मुद्दाम ठेवलं आहे, छान आहे, पण नटासाठी ती सांध्याची जागा आहे. सांधा बदलला नाही तर गाडी दुसऱ्याच रुळावर.

आता ऐक. मी माझी माफी परत घेतोय.

त्या दिवशी चूक माझी नव्हती. तू 'दार लाव' म्हणालास आणि थांबलास. थिएटर गच्च भरलेलं. विराम असता तर मी मेलो असतो तरी तोंड उघडलं नसतं. पण तुझा श्वास गळ्याशी होता. डाव्या हाताचा अंगठा कोटाच्या बटणावर गेला होता आणि ते बटण पिळत होता. तुझे ओठ 'वा'साठी उघडत होते. वारा. तू पहिल्या अंकात चालला होतास. मी 'आता कोणी' एवढे दोन शब्द दिले. जरा मोठ्याने दिले, कारण हळू दिलेले तू अलीकडे घेत नव्हतास. पहिल्या दोन रांगांनी ऐकले. आणि तू विंगेकडे वळून, म्हाताऱ्याच्या नव्हे, तुझ्या स्वतःच्या आवाजात म्हणालास, "माझा विराम मला घेऊ दे की रे, बाबा!"

काय टाळ्या पडल्या! दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, नटाने प्रॉम्प्टरला विरामाचा धडा दिला. मॅनेजरने मला हिशेबाला बोलावलं, तू मान खाली घालून मेकअप उतरवत होतास. मला वाटलं आता बोलशील. तू फक्त म्हणालास, "उद्यापासून येऊ नकोस."

मी गेलो. सगळ्यांना सांगितलं की माझी चूक झाली, कारण दुसरं सांगायचं म्हणजे तुझं विसरणं सांगायला लागलं असतं. आणि ते त्या दिवशी सुरू झालं नव्हतं, दादा. आधीचं अख्खं वर्ष चाललं होतं. मी माझं स्टूल विंगेच्या कोपऱ्यातून उचलून सेटवरच्या खिडकीच्या फळीमागे का नेलं, हे तू कधी विचारलं नाहीस. ध्वनीवाल्याला सांगून मी वाऱ्याचा आवाज दुसऱ्या अंकापासून वाढवून घेतला होता. तो म्हणायचा, "साहेब, हे दीपगृह आहे की वादळ?" त्या वाऱ्याखालून मी तुला वाक्यं देत होतो. तू घेत होतास. मीही बोललो नाही, तूही नाही.

आता तिकडे मी नाही, वारा वाढवणारा नाही, आणि तू सत्काराच्या दिवशी, सगळं शहर समोर बसलेलं असताना, एकटा उभा राहणार आहेस. समोर ती नवी पोरगी. तू चुकीच्या रुळावर गेलास तर तुला थांबवणारं कोणी नाही. लोक आधी गोंधळतील, मग एकजण हसेल. मला त्या एका माणसाची भीती वाटते.

मी नको, हे समजू शकतो. दुसरा कोणी बसव. पण बसव. जो बसेल त्याला एवढं सांग : तिसऱ्या अंकात पहिला शब्द द्यायचा नाही. आपल्या धंद्यात सगळे पहिलाच शब्द देतात. तो इथे दिलास तर हा माणूस पहिल्या अंकात जाईल. 'आता कोणी' द्यायचं. आणि पुस्तकाकडे नाही, बटणाकडे बघायचं.

मी ही जागा दुसऱ्याला शिकवून देतोय. यापुढे मला गर्विष्ठ म्हणू नकोस.

धाकटा


२१ जुलै

दादा,

तुझं पत्र दुकानात आलं. मी ते काचा घासायच्या टेबलावर वाचलं, मग मालकांना सांगून मागच्या खोलीत जाऊन पुन्हा वाचलं. मालक म्हणाले, "काही वाईट?" मी म्हटलं, "भावाचं आहे." त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. त्यांनाही भाऊ आहे.

तू लिहिलंयस : 'डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलंय. ते इथे लिहीत नाही, अक्षर चुकलं तर तू खूण करून परत पाठवशील.' मी हसलो. मग ते वाक्य आलं, ज्यावर मी अजून थांबलोय. 'त्या दिवशी मला राग आला नव्हता. मी घाबरलो होतो. अंधारातून शब्द आला आणि तो कोणाचा तेच कळेना. तू बोललास, मलाच सुचलं, की नुसता भास? मी वळलो ते कोण आहे हे बघायला. टाळ्या पडल्यावर मला तोंडाला येईल ते बोलणं परवडणारं होतं, खरं बोलणं नाही.'

दोन वर्षं मी तुझा राग सांभाळत बसलो, आणि तो तिथे नव्हताच.

आता तुझ्या अटीबद्दल. तू म्हणतोस, ये, पण विंगेत नाही. स्टेजवर, उजेडात, टेबल-खुर्ची टाकून, लोकांसमोर बस. 'तोंड दिसलं तर निदान शब्द कुठून आला ते कळेल.'

दादा, नाही जमणार.

तू काय मागतोयस ते तुला कळतंय ना? मी आयुष्यभर एकच गोष्ट नीट केली, ती म्हणजे न दिसणं. चपला काढून बसायचो. खोकला आला तर रुमाल तोंडात कोंबायचो. पांढरा शर्ट कधी घातला नाही, विंगेतून चमकतो म्हणून. शेवटी पडदा पडल्यावर सगळे हात धरून वाकतात तेव्हाही मी पुस्तक मिटून मागच्या दाराने निघालेलो असायचो. प्रॉम्प्टर दिसला की संपला. कासवाच्या झाकणाची पाठ लोकांकडे उगाच नसते. आणि तू म्हणतोस मधोमध येऊन बस. लोक म्हणतील नट पाठ करून आला नाही. माझी गोष्ट सोड, तुझंच हसं होईल.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. पण आज नोंदीचं शेवटचं प्रूफ घेऊन संपादकबाईंकडे जायचं होतं. तिथे त्यांनी माझ्या त्याच दोन रेघांवर बोट ठेवलं. 'न दिसता व ऐकू न जाता.' म्हणाल्या, "हे काढूया का?"

मी म्हणालो, "बाई, हेच तर काम आहे."

"काम आतलं बाहेर काढण्याचं आहे, तुम्हीच उगमाच्या भागात लिहिलंय. दिसायचं की नाही ही त्या त्या काळातली रीत. मूळ शब्दात कुठे आहे? फुंकणाऱ्यात आहे? सुचवणाऱ्यात आहे?"

मी वाद घातला. चांगला अर्धा तास घातला. चहा गार झाला. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "ठीक आहे, 'बहुधा' घालू. बहुधा न दिसता."

मी त्या 'बहुधा'वर सही करून आलो. येताना पूर्ण रस्ता चालत आलो, पाठ धरलेली असताना. खरं सांगू? दमलोय मी. न दिसण्याचासुद्धा एक भार असतो. आपण केलेलं काम कोणाला कळता कामा नये, याची काळजी सारखी वाहायची. तुझं विसरणं त्यात भरलं, तुझा अपमान भरला, माझा भरला. सगळं घेऊन मागच्या दाराने.

हे पत्र फाडून दुसरं लिहायला हवं, पण कागद संपलाय आणि ही आतून ओरडतेय, "अहो, भावालाच लिहिताय ना, की कोर्टात देताय?" तेव्हा वरचं 'नाही जमणार' खोडून टाकलंय असं समज आणि खालचं वाच.

खुर्ची तुझ्या डाव्या हाताला. बिनहातांची, मला हात असलेल्या खुर्चीत झोप येते. टेबल लहान, टेबलक्लॉथ नको. उजेड माझ्या पुस्तकावर, तोंडावर थोडासा, तुझ्याइतका नाही. समोरच्या मुलीशी माझी एक तालीम हवी. ध्वनीवाल्याला सांग, वारा लेखकाने लिहिलाय तेवढाच.

ता. क. बसचं तिकीट काढलं आहे. पांढरा शर्ट घेतोय.

धाकटा


४ ऑगस्ट

दादा,

हे पत्र टपालात जाणार नाही. तू पलीकडच्या खोलीत आडवा झाला आहेस, वहिनी बाजारात गेल्यात, आणि मी तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहितोय.

काल प्रयोग झाला. कसा झाला ते क्रमाने सांगतो.

पडदा उघडला तेव्हा दीपगृहाची खोली होती, तू खिडकीशी होतास आणि मी टेबलाशी. लोकांत कुजबुज झाली. हा कोण? या नाटकात हा कधी होता? तू पुढे आलास आणि नाटक सुरू करायच्या आधी म्हणालास, "हा माझा धाकटा भाऊ. मी आता विसरायला लागलोय. अडलो की हा सांगेल. तुम्ही सांगायचं नाही, तुमचं पाठांतर याच्याइतकं चांगलं नाही." हशा पिकला. मला वाटलं होतं मी जमिनीत जाईन. तसं काही झालं नाही. उजेडात बसलं की उकडतं, एवढंच.

पहिल्या अंकात तुला माझी गरज लागली नाही. 'दार लाव, वारा आत येतोय' तू असं म्हणालास की मुलीचं काम करणारी पोरगी खरीच धावली आणि तिचा पदर कडीत अडकला. तू तो सोडवलास. ते नाटकात नाही, पण राहू दे, चांगलं होतं.

दुसऱ्या अंकात तेलाच्या डब्याच्या वाक्याला अडलास. अंगठा बटणावर गेला. मी सांगितलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तू माझ्याकडे बघितलंस, "हां, तेच," म्हणालास आणि पुढे गेलास. कोणी हसलं नाही. ज्या एका माणसाची मला भीती होती तो आला नव्हता, किंवा आला असेल तर गप्प बसला.

मग तिसरा अंक. पोरगी पिशवी घेऊन उभी. तू म्हणालास, "दार लाव." आणि थांबलास.

लोक लगेच माझ्याकडे बघायला लागले. उजेडात बसल्याचा हा तोटा. अख्खं थिएटर म्हणतंय, अरे सांग ना! पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर मला हाताने खूण केली. पोरगीही डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे. 'आता कोणी' माझ्या जिभेवर होतं. मी तुझ्याकडे बघितलं. दोन्ही हात मोकळे होते. खांदे खाली होते. श्वास पोटात होता.

मी पुस्तक मिटलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

किती वेळ गेला ते मोजलं नाही. तू त्या दाराकडे बघत राहिलास. मग सावकाश म्हणालास, "आता कोणी यायचं राहिलेलं नाही." आणि पुढचं पूर्ण पान. एक काना इकडचा तिकडे नाही. थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. मी आजवर तुझे जे विराम पाहिले त्यात हा पहिला नंबर, आणि मी तो समोरून पाहिला. विंगेतून तुझी नेहमी एकच बाजू दिसायची.

पडदा पडल्यावर तू माझा हात धरून मला उठवलंस. मी वाकलो. पाठ तशीच धरली, वहिनींनी घरी येऊन शेकली.

आज सकाळी चहा घेताना तू विचारलंस, "प्रयोग कधी आहे रे?"

वहिनी गॅसकडे वळल्या. मी म्हणालो, "काल झाला, दादा."

तू कप हातात धरून गप्प झालास. मी तुझ्याकडे बघत होतो. ते थांबणं कोणतं होतं, मला ओळखता आलं नाही. आजवर असं झालं नव्हतं.

मग म्हणालास, "अडलो का कुठे?"

"एकदा."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग झालं तर," म्हणालास आणि चहा संपवलास.

दुपारी जेवताना तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळी विचारशील तेव्हा मी कदाचित खाली फोन करायला गेलेलो असेन. दुकानाच्या मालकांना रजा वाढवून मागायची आहे. किती वाढवायची ते अजून ठरलेलं नाही, वहिनींशी बोलून ठरवीन. तोवर हा कागद तुझ्या चष्म्याखाली ठेवतो. पूर्ण वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाच :

प्रयोग झाला. चांगला झाला. तू केलास.

धाकटा